धोतर, पोलाद आणि कोंबडी

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजात गांधी पुतळ्याच्या आसपास अंड्यांचा ट्रे घ्यायला गेलं, तर दुकानदार भाव आपल्या मनाने सांगत नाही. आज 'एनईसीसीचा रेट' काय निघाला, यावर त्याचं गणित चालतं. शेकड्याचा दर रोज जाहीर होतो, त्यावर गाडीभाडं आणि नफा चढतो आणि तीस अंड्यांचा ट्रे आपल्या हातात येतो. हा दर ठरवण्याची पद्धत ज्या माणसाने देशात उभी केली, त्याच्या मुलांकडे आज इंग्लंडमधला दीडशे वर्षांचा एक फुटबॉल क्लब आहे. क्लबचं नाव ब्लॅकबर्न रोव्हर्स. मालक पुण्याचे, सिंहगड रस्त्यावरचे.

गोष्ट मात्र पुण्यापासून सुरू करता येत नाही. भारताशी ब्लॅकबर्नची पहिली गाठ पडली ती धोतरामुळे. कोंबडी फार नंतर आली.

ब्लॅकबर्न हे इंग्लंडच्या वायव्येला, लँकेशायर परगण्यातलं गिरण्यांचं गाव. एका वेळी अनेक धागे कातणारं 'स्पिनिंग जेनी' हे यंत्र अठराव्या शतकात जेम्स हारग्रीव्ह्जने याच गावाजवळ बनवलं. पुढच्या शंभर वर्षांत तिथे धुराडी इतकी वाढली की गावाची ओळख विणकामाचीच होऊन बसली. आणि विणायचं कोणासाठी? बऱ्याच अंशी आपल्यासाठी. भारतात खपणारं धोतराचं कापड ही ब्लॅकबर्नच्या मागांची खासियत होती. मुंबईच्या बंदरात उतरलेल्या या स्वस्त कापडाने देशभरच्या हातमागांची कंबर मोडली. हिमरू आणि मश्रू विणणारं आपलं शहरही गिरणीच्या मालाच्या लाटेतून सुटलं नाही.

कापडाने त्या गावाला पैसा दिला, आणखी एक गोष्ट दिली: शनिवारची दुपार. १८५० च्या कारखाना कायद्याने गिरणी कामगारांना शनिवारी दुपारी दोन वाजता सुट्टी मिळू लागली. हजारो माणसं एकाच वेळी मोकळी होत, खिशात आठवड्याची मजुरी असे आणि अंधार पडायला दोन-तीन तास असत. इंग्लंडमध्ये फुटबॉलचा सामना शनिवारी दुपारी तीन वाजता सुरू व्हायची प्रथा पडली, तिचं मूळ गिरणीच्या या भोंग्यात आहे.

५ नोव्हेंबर १८७५ ला ब्लॅकबर्नच्या सेंट लेजर हॉटेलात सतरा जण जमले आणि रोव्हर्स क्लब स्थापन झाला. पुढाकार जॉन लुईस आणि आर्थर कॉन्स्टंटाइन या दोघांचा. श्रूजबरीच्या खासगी शाळेत शिकलेले हे तरुण होते, म्हणजे क्लबचा जन्म काही मजुरांच्या चाळीत झाला नाही. पहिला सामना डिसेंबरात शेजारच्या चर्च नावाच्या गावी झाला आणि १-१ असा बरोबरीत सुटला. अर्धा निळा, अर्धा पांढरा असा क्लबचा सदरा पुढे कायमचा झाला आणि आजही तोच आहे.

त्या काळचा फुटबॉल हा 'साहेबांचा' खेळ होता. एफए कप ही तेव्हाची सर्वांत मोठी स्पर्धा, आणि ती जिंकायचे लंडनकडचे, खासगी शाळांचे जुने विद्यार्थी, लष्करी अधिकारी, उमराव घराण्यांतली मुलं. खेळाचे पैसे घेणं त्यांना हलकेपणाचं वाटे, कारण त्यांना पैशांची गरजच नव्हती. १८८२ मध्ये रोव्हर्सने अंतिम फेरी गाठली आणि ईटन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाकडून ते एका गोलने हरले. पण पुढच्याच वर्षी त्याच गावातल्या दुसऱ्या एका क्लबने, ब्लॅकबर्न ऑलिम्पिकने, त्याच ईटनवाल्यांना २-१ असं हरवलं.

ऑलिम्पिकच्या संघात विणकर होते, सूत कातणारे होते, कप्तान अल्बर्ट वॉर्बर्टन प्लंबर होता. विजयी गोल मारणारा जिमी कॉस्टली सूतगिरणीत कामाला. एका लोखंडी कारखान्याच्या मालकाने पैसे दिले, म्हणून सामन्याआधी हा संघ ब्लॅकपूलच्या समुद्रकिनारी सरावाला जाऊ शकला. तिथला त्यांचा आहार नोंदवून ठेवलेला आहे. पहाटे सहाला एक पेला पोर्ट वाइन आणि दोन कच्ची अंडी, मग वाळूतून फेरफटका. नऊला लापशी आणि मासे, दुपारी मटण, संध्याकाळी पुन्हा लापशी आणि दूध, रात्री अर्धा डझन कालवं. आज हे वाचताना मौज वाटते, पण सामन्यासाठी शरीर तयार करायचं असतं हा विचारच तेव्हा नवा होता. साहेबांना तो जरा अशोभनीय वाटला. ऑलिम्पिक हा कप जिंकणारा पहिला कामगारांचा संघ ठरला. तरीही पैशाअभावी १८८९ मध्ये तो क्लब बंद पडला. एका गावात दोन मोठे क्लब पोसण्याइतका गल्ला जमत नव्हता.

रोव्हर्स टिकले, कारण त्यांच्या मागे अधिक पैसेवाली मंडळी होती. फर्गस सूटर हा स्कॉटलंडचा गवंडी शेजारच्या डार्वेन गावाकडून खेळायला आला आणि थोड्याच दिवसांत त्याने दगड घडवणं सोडून दिलं. इथला दगड कठीण, हात सुजतात, असं कारण तो सांगे म्हणतात. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं: त्याला खेळण्याचे पैसे मिळत होते, तेही चोरून, कारण नियमाने बंदी होती. १८८० मध्ये तो रोव्हर्सकडे गेला तेव्हा डार्वेनची माणसं खवळली. व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या वंशावळीत या गवंड्याचं नाव अगदी वर लिहितात. अखेर १८८५ मध्ये फुटबॉल संघटनेने खेळाडूंना पगार द्यायला रीतसर मान्यता दिली. मला हा त्या खेळाच्या इतिहासातला सर्वांत न्याय्य निर्णय वाटतो. आठवडाभर मागावर उभ्या राहणाऱ्या माणसाने शनिवारच्या दुपारीही फुकट राबावं, ही अपेक्षा ज्यांची पोटं भरलेली होती त्यांनीच केली होती.

या सगळ्यातून रोव्हर्सचं सोन्याचं दशक उभं राहिलं. १८८४, १८८५ आणि १८८६ असा सलग तीनदा एफए कप, मग १८९० आणि १८९१ ला पुन्हा. १८९० च्या अंतिम सामन्यात तर शेफील्डच्या वेन्सडे संघाचा ६-१ असा धुव्वा उडवला आणि विल्यम टाउनलीने तीन गोल मारले. १८८८ मध्ये बारा क्लबांनी मिळून जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू केली, त्या बारांत रोव्हर्स होते. १८९० पासून ईवुड पार्क हे त्यांचं घर झालं. १९१२ आणि १९१४ ला त्यांनी लीग जिंकली आणि मग महायुद्ध आलं.

युद्धानंतर कापडाचा बाजार पूर्वीसारखा राहिला नाही. भारतातल्या गिरण्या वाढल्या, जपानचा माल आला, आयात कापडावर जकात बसली आणि वर स्वदेशीचा बहिष्कार. धोतरं विणणाऱ्या गावाचं गिऱ्हाईकच गेलं. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी लंडनला आलेले गांधीजी सप्टेंबरच्या अखेरीस मुद्दाम लँकेशायरला गेले आणि ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनला उतरले. हे तेच डार्वेन, जिथून सूटर आला होता. ज्यांच्या बहिष्काराने आपलं काम गेलं असं तिथल्या कामगारांना सांगितलं जात होतं, त्यांच्यासमोर गांधीजी उभे राहिले आणि तुमच्या बेकारीचं मला दुःख आहे, पण आमच्या देशातल्या अर्धपोटी माणसांची संख्या तुम्हाला कल्पना येणार नाही इतकी मोठी आहे, असं त्यांनी शांतपणे समजावलं. डार्वेनच्या ग्रीनफील्ड मिलबाहेरचा त्या वेळचा फोटो प्रसिद्ध आहे. शाल पांघरलेले गांधीजी मधोमध आणि भोवती हात उंचावून आनंदाने ओरडणाऱ्या गिरणीतल्या बायका. शहागंजातल्या पुतळ्यापाशी रोज ये-जा करणाऱ्यांनी तो फोटो एकदा जरूर पाहावा.

१९२८ ला रोव्हर्सने सहावा एफए कप जिंकला होता. १९३६ ला ते इतिहासात पहिल्यांदा पहिल्या श्रेणीतून खाली घसरले. गिरण्या बंद होणं आणि संघ घसरणं यांचा संबंध सरळ एकास एक असा दाखवता येणार नाही, पण ज्या माणसांच्या तिकिटांवर क्लब चालायचा, त्यांच्या खिशातच काही उरलं नव्हतं. त्यानंतरची पन्नासेक वर्षं वर-खाली होण्यात गेली. सत्तरच्या दशकात तर तिसऱ्या श्रेणीचीही पायरी उतरावी लागली. ब्रायन डग्लस, रॉनी क्लेटन असे गुणी खेळाडू होऊन गेले, कप मात्र आला नाही.

मग पोलाद आलं. जॅक वॉकर हा ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला, लहानपणापासून रोव्हर्सचा चाहता. वडिलांचा पत्र्याचा छोटा धंदा त्याने आणि भावाने वाढवून पोलादाच्या मोठ्या व्यापारात नेला आणि तो ब्रिटिश स्टीलला तीस कोटी पौंडांहून अधिक किमतीला विकला. १९९१ मध्ये त्याने क्लब ताब्यात घेतला. केनी डालग्लीशसारखा नामांकित व्यवस्थापक आणला, ॲलन शिअररला १९९२ मध्ये तेव्हाच्या ब्रिटिश विक्रमी किमतीला विकत घेतलं, ईवुड पार्कच्या तीन बाजू नव्याने बांधल्या. त्याच वर्षी प्रीमियर लीग सुरू झाली आणि रोव्हर्स तिच्यातही पहिल्या वर्षापासून होते. १८८८ ची लीग आणि १९९२ ची प्रीमियर लीग या दोन्हींच्या पहिल्या पंगतीला बसलेले क्लब तीनच: ॲस्टन व्हिला, एव्हर्टन आणि ब्लॅकबर्न रोव्हर्स.

१४ मे १९९५, हंगामाचा शेवटचा दिवस. रोव्हर्स लिव्हरपूलच्या मैदानावर खेळत होते आणि पाठलाग करणारं मँचेस्टर युनायटेड लंडनमध्ये वेस्ट हॅमशी. शिअररने गोल केला, लिव्हरपूलने बरोबरी साधली आणि अगदी शेवटी जेमी रेडनॅपच्या फ्री किकने रोव्हर्स २-१ असे हरले. पण तिकडे युनायटेडची १-१ अशी बरोबरी झाल्याची बातमी आली. ८९ गुणांना ८८. जेमतेम लाखभर वस्तीचं गाव ८१ वर्षांनी इंग्लंडचं विजेतं झालं. शिअररचे त्या हंगामातले लीग गोल ३४.

हे यश विकत घेतलेलं होतं, असा आक्षेप तेव्हाही होता आणि तो अगदीच खोटा नाही. पण वॉकर गावचा होता, सामन्याला येऊन बसत होता, आणि संघ हरला तर त्याला गावातल्या माणसांच्या तोंडाकडे बघावं लागत होतं. पुढे जे घडलं ते समजून घ्यायला हा फरक लक्षात ठेवावा लागतो. शिअरर १९९६ ला न्यूकॅसलला गेला, त्या वेळच्या जागतिक विक्रमी किमतीला, दीड कोटी पौंडांना. १९९९ ला संघ खाली गेला. ऑगस्ट २००० मध्ये वॉकर वारला. २००१ ला रोव्हर्स परतले, २००२ ला त्यांनी लीग कपही जिंकला. क्लब आता वॉकरच्या ट्रस्टकडे होता आणि ट्रस्टला गिऱ्हाईक हवं होतं.

गिऱ्हाईक मिळालं पुण्यात. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. परसातली कोंबडी आणि शास्त्रशुद्ध कुक्कुटपालन यांच्यातलं अंतर आपल्या देशात त्यांनी कापलं. 'बीव्ही ३००' ही अंड्यांची कोंबडी आणि 'व्हेनकॉब' ही मांसाची जात यांची नावं मराठवाड्यातल्या कुठल्याही पोल्ट्रीवाल्याला पाठ असतात. अंड्यांचा भाव पूर्वी व्यापारी ठरवत आणि शेतकरी तोट्यात माल उचलून देई. १९८२ मध्ये राव यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे एनईसीसी, उभी राहिली आणि आपल्या अंड्याचा भाव आपण जाहीर करायचा हे शेतकऱ्यांनी ठरवलं. दूरदर्शनवरची रोज अंडी खायला सांगणारी जाहिरातही याच समितीची. राव १९९६ ला गेले आणि कारभार त्यांच्या मुलांकडे आला: अनुराधा देसाई, बी. व्यंकटेश राव आणि बी. बालाजी राव.

नोव्हेंबर २०१० मध्ये या घराण्याच्या 'व्हेंकीज' कंपनीने २ कोटी ३० लाख पौंड देऊन क्लब घेतला, त्यावरच्या कर्जासह. प्रीमियर लीगमधला पहिलाच भारतीय मालकीचा क्लब! आपल्याकडे त्याचं कौतुक झालं आणि ते स्वाभाविक होतं. ज्या गावाने आपल्याला धोतरं विकली, त्या गावचा मानबिंदू पुण्याच्या कंपनीने विकत घेतला, यात इतिहासाने कूस बदलल्यासारखं वाटत होतंच.

पण महिनाही पुरता झाला नाही तोच, डिसेंबरात, व्यवस्थापक सॅम ॲलर्डाइसला काढून टाकलं. संघ तेव्हा तेराव्या स्थानावर होता, म्हणजे सुरक्षित होता. जागा मिळाली त्याच्या हाताखालच्या स्टीव्ह कीनला, ज्याने आधी मोठा संघ चालवला नव्हता. रोनाल्डिन्योला आणण्याच्या गोष्टी वर्तमानपत्रांत रंगल्या. ऑक्टोबर २०११ मध्ये संघाला भर हंगामात पुण्याला आणून बालेवाडीत पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना खेळवला. त्याच सुमारास एक जाहिरात निघाली: निळे-पांढरे सदरे घातलेले खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून कोंबडीच्या तंगड्या खात आहेत आणि मग मैदानात उतरत आहेत. संघ तळाला असताना ही जाहिरात ईवुड पार्कच्या प्रेक्षकांनी पाहिली, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल ते सांगायला नको.

त्या डिसेंबरात क्लबचे उपमुख्य अधिकारी पॉल हंट यांनी मालकांना पत्र लिहिलं, की कीनला बदला, नाहीतर संघ बुडेल. सल्ला मानला गेला नाही. ७ मे २०१२ ला भर पावसात विगनकडून १-० असा पराभव झाला आणि रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर पडले. त्या सामन्यात प्रेक्षकांतून कोणीतरी क्लबचा झेंडा गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. हंट यांचं पत्र त्याच काळात फुटलं आणि त्यांचीच नोकरी गेली.

पुढच्या हंगामात तर ताळतंत्रच सुटलं. कीन सप्टेंबरात गेला. १९९५ च्या विजेत्या संघातला हेनिंग बर्ग आला आणि ५७ दिवसांत काढला गेला. त्याच्यानंतर मायकल ॲपलटन ६७ दिवस. बर्गशी तीन वर्षांचा करार होता, त्याची भरपाई म्हणून न्यायालयाने त्याला सुमारे २२ लाख ५० हजार पौंड मिळवून दिले. दहा सामने आणि एक विजय, एवढ्या कामासाठी.

मराठीत याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. निर्णय पुण्यात होत, परिणाम ब्लॅकबर्नमध्ये दिसत आणि मधल्या दुभाष्यांवर, सल्लागारांवर कोणाचाच विश्वास नव्हता. मालकांनी पैसा दिला नाही, हा आरोप मात्र करता येणार नाही. उलट, इतकी वर्षं दरवर्षी कोटीच्या घरातला पौंडांचा तोटा त्यांनी पदरमोड करून भरला आहे. एकट्या जॉर्डन ऱ्होड्स या खेळाडूसाठी ८० लाख पौंड मोजले. इंग्लंडमधले जुने क्लब मालकाच्या कर्जाच्या ओझ्याखाली दिवाळखोरीत गेल्याची उदाहरणं कमी नाहीत, रोव्हर्सचं तसं झालेलं नाही. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं, आणि ब्लॅकबर्नचे अनेक चाहतेही ते देतात. त्यांची तक्रार वेगळी आहे. मालक दिसत नाहीत, बोलत नाहीत, का विकत घेतलं ते सांगत नाहीत. पोल्ट्रीच्या शेतकऱ्यांना भाव ठरवण्याच्या टेबलाशी बसवणाऱ्या घराण्याने ईवुड पार्कच्या प्रेक्षकांना मात्र टेबलाजवळ बोलावलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२०१६ मध्ये चाहत्यांनी निषेधाची एक पद्धत काढली. सामना सुरू झाला तरी बाहेर थांबायचं, अठराव्या मिनिटाला आत यायचं आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून जायचं. अठरा-पंचाहत्तर, क्लबच्या जन्माचं साल. त्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी, मे २०१७ मध्ये, रोव्हर्सने ब्रेंटफर्डला ३-१ हरवलं, नॉटिंगहॅम फॉरेस्टइतकेच ५१ गुण मिळवले आणि गोलफरकात दोनने कमी पडून तिसऱ्या श्रेणीत गेले. प्रीमियर लीग जिंकल्यानंतर कोणताही क्लब तोपर्यंत इतका खाली गेला नव्हता.

तिथून त्यांना सावरलं व्यवस्थापक टोनी मोब्रेने. शांत, सरळ माणूस. पुढच्याच वर्षी त्याने संघ दुसऱ्या श्रेणीत परत आणला आणि २०२२ पर्यंत टिकून राहिला. या मालकांच्या काळात एवढी स्थिरता दुसऱ्या कोणाला लाभली नाही. त्यानंतर दोनदा, २०२३ आणि २०२५ ला, रोव्हर्स सातवे आले. प्रीमियर लीगच्या बढतीचे सामने खेळायला तेव्हा पहिल्या सहात यावं लागायचं. मध्येच नवी अडचण आली: ईडीच्या चौकशीमुळे इंग्लंडला पैसे पाठवण्यासाठी कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली. लँकेशायरमधल्या खेळाडूंचा पगार आणि दिल्लीतली तारीख यांचा असा संबंध जडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्लबने ॲडम व्हॉर्टनला क्रिस्टल पॅलेसला विकलं. हा ब्लॅकबर्नचाच मुलगा, लहानपणापासून क्लबच्या अकादमीत वाढलेला. चारच महिन्यांत तो इंग्लंडकडून खेळला.

महिला संघाचं दुःख अधिक बोचरं आहे. कीरा वॉल्श, जॉर्जिया स्टॅनवे, एला टून या इंग्लंडच्या विजेत्या संघातल्या तिघी उमेदीच्या वयात रोव्हर्सच्या निळ्या-पांढऱ्या सदऱ्यात खेळल्या आहेत. २०२५ मध्ये महिलांच्या दुसऱ्या श्रेणीसाठी सोयी आणि खर्चाचे निकष वाढले, ते पूर्ण करायला मालकांनी नकार दिला आणि संघाने त्या श्रेणीतून माघार घेतली. पुरुष संघाच्या एका मध्यम खेळाडूच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ होता. हा निर्णय चुकीचा होता, असं स्पष्ट म्हणायला हवं.

त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉल नियमनाचा नवा कायदा झाला. मालक होण्यासाठी कोण पात्र आहे हे आता स्वतंत्र नियामक तपासणार आहे, आणि क्लबने चाहत्यांशी नियमित सल्लामसलत करणं बंधनकारक होणार आहे. बोधचिन्ह किंवा सदऱ्याचा रंग बदलायचा तर चाहत्यांचं मत घ्यावं लागेल, मैदान विकायचं तर नियामकाची परवानगी लागेल. ५ नोव्हेंबर २०२५ ला रोव्हर्सने दीडशे वर्षं पूर्ण केली, ती दुसऱ्या श्रेणीत आणि व्हेंकीजच्याच मालकीत. चाहत्यांनी पंधरा वर्षं ज्या बैठकीसाठी घोषणा दिल्या, ती आता सिंहगड रस्त्यावरच्या मालकांच्या क्लबलाही कायद्याने घ्यावी लागणार आहे.